वळ नसलेल्या बाईचं काय?

(कार्यकर्त्यांच्या एका शिबिरात बीबीसीची ‘द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल’ ही मालिका दाखवण्यात आली. दुसऱ्या दिवशी सकाळी केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन.)



काल रात्री आपण ही तीन भागांची मालिका सलग बसून पाहिली. इंग्रजी उच्चार समजायला जड जात होते, मधून मधून थांबवून एकमेकींना सांगावं लागत होतं, तरी कुणी उठून गेलं नाही. संपल्यावर बऱ्याच जणी बोलल्या. त्यातली दोन वाक्यं मी वहीत टिपून ठेवली. एक होतं, “ही तर आपल्या केंद्रात येणारीच बाई.” दुसरं होतं, “अंगावर इतकं आल्यावर कोणतीही बाई घर सोडणारच की!”

मला बोलायचंय ते या दुसऱ्या वाक्यावर. कारण ज्या कादंबरीवरून ही मालिका केली, त्या कादंबरीतली हेलन नवऱ्याचा मार खात नाही. तिच्या अंगावर वळ नाही. तरी ती घर सोडते, मुलाला घेऊन सोडते, आणि लेखिका ठामपणे तिच्या बाजूनं उभी राहते. हे पुस्तक १८४८ साली छापलं गेलं. पावणेदोनशे वर्षं होऊन गेली, आणि आजही समोर बसलेल्या बाईला ‘मारतो का?’ हे विचारून झालं की पुढं काय विचारायचं, याची आपल्या समाजाला पंचाईत पडते.

आधी पुस्तकाबद्दल आणि लिहिणारीबद्दल थोडं सांगते. ॲन ब्राँटे ही तीन लेखिका बहिणींमधली धाकटी. शार्लटची ‘जेन एअर’ आणि एमिलीची ‘वुदरिंग हाइट्स’ आपल्यातल्या काही जणींनी अभ्यासाला वाचली असेल. ॲनचं नाव त्या मानानं मागे राहिलं. उत्तर इंग्लंडमधल्या हॉवर्थ गावच्या पाद्र्याची ही मुलगी. घरची परिस्थिती बेताची, म्हणून एकोणिसाव्या वर्षी ती श्रीमंतांच्या घरी राहून मुलांना शिकवण्याची नोकरी करू लागली. १८४० ते १८४५ अशी पाच वर्षं ती एकाच घरी होती. १८४३ मध्ये तिचा भाऊ ब्रॅनवेल त्याच घरी शिक्षक म्हणून लागला आणि १८४५ मध्ये त्याला काढून टाकण्यात आलं. तो दारू आणि अफूत बुडत गेला आणि सप्टेंबर १८४८ मध्ये वारला. व्यसनी माणसाच्या घरात रोज काय घडतं, हे ॲनला कुणी शिकवायला नको होतं.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १८४० साली एका सहाय्यक पाद्र्याची बायको ॲनच्या वडिलांकडे सल्ला विचारायला आली. नवरा दारुडा आणि उधळा. वडील स्वतः धर्मगुरू. त्यांनी तिला सांगितलं की नवऱ्याला कायमचं सोड. १८४७ मध्ये ती बाई पुन्हा त्यांच्या घरी भेटायला आली, तेव्हा ती सावरलेली होती, स्वतःचं पोट स्वतः भरत होती. शार्लटच्या पत्रांत या दोन्ही भेटींची नोंद आहे. पुढच्याच वर्षी ॲनची कादंबरी आली. आपण ज्याला आज समुपदेशन म्हणतो, त्याचा एक नमुना तिनं आपल्याच घरात पाहिला होता.

पुस्तक ॲक्टन बेल या टोपणनावानं आलं. खपलं चांगलं, पण टीकाकारांनी ते असभ्य आहे, रानटी आहे म्हणून झोडपलं. हे लिहिणारी बाई असेल तर आणखीच वाईट, असाही सूर होता. ॲननं दुसऱ्या आवृत्तीला प्रस्तावना लिहून उत्तर दिलं. मला खरं सांगायचं होतं, आणि लिहिणारा पुरुष आहे की बाई हा प्रश्नच गैरलागू आहे, असा तिचा रोख होता. मे १८४९ मध्ये ती गेली, अवघ्या २९ व्या वर्षी. तिच्या मागे १८५० साली बहिणींची पुस्तकं पुन्हा छापायची वेळ आली, तेव्हा खुद्द शार्लटनं ही कादंबरी पुन्हा काढू नये असं मत दिलं. १८५४ मध्ये एक स्वस्त आवृत्ती निघाली, ती कापलेली होती. नंतरच्या कितीतरी आवृत्त्या त्या कापलेल्या पुस्तकावरूनच छापल्या गेल्या. मूळ मजकूर पारखून घेतलेली अभ्यासकांची आवृत्ती ऑक्सफर्डनं काढली ती १९९२ साली. म्हणजे घर सोडलेल्या बाईची ही गोष्टसुद्धा बराच काळ पुरती सांगितली गेली नाही.

बीबीसीनं या कादंबरीवर दोनदा मालिका केली. पहिली १९६८-६९ मध्ये. दुसरी १९९६ मध्ये, जी आपण काल पाहिली. टारा फिट्झजेराल्ड ही हेलन, रुपर्ट ग्रेव्ह्ज हा नवरा आर्थर हंटिंग्डन आणि टोबी स्टीफन्स हा शेतकरी गिल्बर्ट मार्कम. दिग्दर्शन माइक बार्कर यांचं, पटकथा डेव्हिड नोक्स आणि जॅनेट बॅरन यांची. त्या सुमारास बीबीसीवर जुन्या कादंबऱ्यांच्या मालिकांची लाटच आली होती. १९९४ मध्ये ‘मिडलमार्च’, १९९५ मध्ये ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’. भरजरी पोशाख, नाचाचे जलसे, हिरवी कुरणं आणि शेवटी लग्न. या मालिकेत लग्न सुरुवातीला आहे आणि खरी गोष्ट लग्नानंतरची आहे. एवढ्यानंच ती वेगळी ठरते.

ज्यांना काल सगळं लागलं नसेल त्यांच्यासाठी पुस्तकातली गोष्ट थोडक्यात सांगते. हेलन १८२१ साली, वयाच्या अठरा-एकोणिसाव्या वर्षी, मावशीनं सावध केलेलं असूनही देखण्या, बोलक्या आर्थर हंटिंग्डनशी लग्न करते. आपण त्याला सुधारू, अशी तिची खात्री असते. ही खात्री आपल्या चांगली ओळखीची आहे. लग्नानंतर दारू, मित्रांचे अड्डे, महिनोन् महिने लंडनला गायब होणं. मग घरी पाहुणी म्हणून येणाऱ्या, मित्राच्याच बायकोशी संबंध. हेलनला ते कळतं तेव्हा ती मुलाला घेऊन वेगळं होण्याची परवानगी मागते. तो नाही म्हणतो, लोक काय म्हणतील म्हणून. मग ती सांगते की यापुढं मी फक्त नावाची बायको, या घराची व्यवस्था बघणारी आणि मुलाची आई. तो हसण्यावारी नेतो. पुढं तो आणि त्याचे मित्र तिच्या चार-पाच वर्षांच्या मुलाला दारू पाजायला, शिव्या द्यायला आणि आईला तुच्छ लेखायला शिकवतात. ती चित्रं विकून पैसे जमवायचं आणि पळून जायचं ठरवते. तो तिची रोजनिशी वाचतो आणि बेत उघडा पडतो. त्या रात्री तो काय करतो ते नीट ऐका. तो तिच्या किल्ल्या घेतो. रंग, कुंचले, कॅनव्हास आगीत टाकतो. पैसे आणि दागिने काढून घेतो. आणि यापुढं तुला महिन्याला हातखर्चाला थोडे पैसे मिळतील, असं सांगतो.

या सगळ्यात मारहाण नाही. एकदा कुत्र्यावर फेकलेलं जड पुस्तक तिच्या हाताला खरचटून जातं, तेवढंच. आता कुणी म्हणेल की त्या काळच्या सभ्य लेखिकेला मारहाण लिहिता आली नसेल. तसं नाही. याच पुस्तकात मिलिसेंट नावाची हेलनची मैत्रीण आहे. तिचा नवरा हॅटर्सली भर बैठकीत, पाहुण्यांसमोर तिला धरून हिसडतो, ती रडेपर्यंत सोडत नाही. म्हणजे ॲनला मार लिहिता येत होता, आणि तिनं तो लिहिला. हेलनच्या वाट्याला मात्र तिनं तो येऊ दिला नाही. मला वाटतं, हे तिनं समजून उमजून केलं. मार खाणाऱ्या बाईची दया करायला समाज तेव्हाही थोडाफार तयार होता. ॲनला विचारायचं होतं ते पुढचं. हात न उचलता नवरा बाईचं माणूसपण रोज थोडं थोडं काढून घेत असेल, तर तिला बाहेर पडायचा हक्क आहे की नाही?

आता मालिकेकडे येऊ. तीन भागांच्या वेळेत एवढं जाडजूड पुस्तक बसवायचं तर काटछाट होणारच. त्यात मालिकेनं एक चांगली गोष्ट केली. पुस्तकात ही सगळी हकीकत गिल्बर्ट आपल्या मेव्हण्याला लिहिलेल्या लांबलचक पत्रात सांगतो, आणि हेलनची रोजनिशी त्या पत्राच्या पोटात येते. म्हणजे बाईचं बोलणंसुद्धा दुसऱ्या नवऱ्याच्या हातून, एका पुरुषानं दुसऱ्या पुरुषाला सांगितलेलं असं आपल्यापर्यंत पोचतं. मालिकेत ही पत्राची चौकट गळून पडते. पहिल्यापासून हेलनचा चेहरा आपल्यासमोर असतो. गावातल्या चहाच्या बैठकी, चर्चमधल्या नजरा, ‘ही एकटी कशी राहते’, ‘मुलाचा बाप कोण’ ही कुजबुज आपण तिच्या बाजूला उभं राहून ऐकतो. वेगळ्या राहणाऱ्या बाईला घरमालक, शेजारी, भाजीवाला काय काय विचारतात, हे आपल्याला ठाऊक आहे. तो भाग मालिकेनं फार खरा उतरवला आहे.

दुसरा बदल अडचणीचा आहे. पुस्तकात झोपायच्या खोलीचं दार बंद होतं आणि आपण बाहेर राहतो. मालिकेत कॅमेरा आत जातो. शरीरावरची जबरदस्ती पडद्यावर उघड येते. यावर काल रात्री दोन तट पडले. काही जणींना ते सवंग वाटलं, काहींना आवश्यक वाटलं. मला दोन्हींत तथ्य दिसतं.

आवश्यक का, ते आधी सांगते. इंग्लंडमध्ये नवऱ्यानं बायकोवर केलेला बलात्कार हा बलात्कार धरला जात नव्हता. लग्नात तिनं कायमची संमती दिली, असा शेकडो वर्षांचा समज कायद्यात घर करून होता. तो तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानं, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सनं, मोडला १९९१ साली. मालिका आली १९९६ मध्ये, फक्त पाच वर्षांनी. ॲनच्या काळात हेलननं खोलीला आतून कडी लावणं एवढंच लिहिता येत होतं, आणि तेवढ्यानंही खळबळ माजली. १९९१ नंतर, कडीबाहेरच्या माणसाला नेमका कशावर हक्क वाटतो ते उघड दाखवता येऊ लागलं. ही गोष्ट मी कमी लेखणार नाही.

पण यात धोका असा की पडद्याला पुरावा लागतो. कॅमेऱ्याला किल्ल्या काढून घेतल्याचं दुःख तासाभराच्या भागात पुरेसं टिपता येत नाही. सहा वर्षं रोज झालेला पाणउतारा तर मुळीच नाही. एक थप्पड, एक फाटलेली बाही, ओठावरचं रक्त मात्र दोन सेकंदांत टिपता येतं. मग पाहणाऱ्याच्या मनात हिशोब पक्का होतो: हे झालं, म्हणून ती गेली. हे झालं नसतं तर? तर तिनं जरा सांभाळून घ्यायला हवं होतं, असं आपल्याच तोंडून निघतं. काल रात्रीच्या त्या वाक्यात हाच हिशोब होता. त्यात बोलणारीचा दोष नाही. टीव्हीवरच्या मालिका, सिनेमे, पोलिस स्टेशन, वैद्यकीय तपासणी, सगळीकडे आपल्याला हाच हिशोब शिकवला जातो.

हेलनच्या काळातला कायदा पाहिला की तिनं काय केलं याचं वजन कळतं. गोष्ट घडते १८२० च्या दशकात. तेव्हा लग्न झालेल्या बाईचं वेगळं अस्तित्व इंग्लंडचा कायदा मानतच नव्हता. तिची कमाई नवऱ्याची. तिनं काढून विकलेल्या चित्राचे पैसेही त्याचेच. मुलावर बापाचा हक्क जवळजवळ पूर्ण. ती मुलाला घेऊन निघून गेली, तर मूल परत ओढून नेण्याचा अधिकार त्याला होता. म्हणून ती नाव बदलते. चित्रावर खोटी आद्याक्षरं घालते, आणि चित्राखाली गावाचं नावही दुसरंच लिहिते, पत्ता लागू नये म्हणून.

बदल हळूहळू झाले. कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेची मुलं नवऱ्यानं तिच्यापासून तोडली होती. तिच्या झगड्यातून १८३९ मध्ये कायदा झाला आणि सात वर्षांखालच्या मुलांसाठी आईला निदान अर्ज करता येऊ लागला. त्यातही तिच्यावर व्यभिचार शाबीत झालेला असेल, तर नाही. १८५७ मध्ये घटस्फोटाचं कोर्ट आलं. पुरुषाला बायकोचा व्यभिचार पुरेसा होता, पण बाईला नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रूरता, सोडून जाणं असं आणखी काही शाबीत करावं लागे. ही विषमता गेली १९२३ मध्ये. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचे मोठे कायदे १८७० आणि १८८२ चे. आणि ज्याला आपण मघापासून नाव शोधतोय, त्या किल्ल्या काढून घेण्याला, पैसे रोखण्याला, माणसं तोडण्याला, सतत धाकात ठेवण्याला इंग्लंडच्या कायद्यानं स्वतंत्र गुन्हा म्हटलं २०१५ साली. ॲनचं पुस्तक आल्यापासून १६७ वर्षांनी.

हा कायदा आणि आपण यांचा संबंध काय, असं कुणी विचारेल. संबंध थेट आहे. इंग्रजांनी जे कायदे इथं आणले, त्यात नवऱ्यानं कोर्टात जाऊन ‘माझी बायको माझ्या ताब्यात द्या’ असं मागण्याची तरतूद होती. मुंबईत १८८४ मध्ये दादाजी भिकाजीनं रखमाबाईंवर हाच दावा लावला. त्यांचं लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या, आणि त्या त्याच्याकडे कधी नांदायला गेल्या नव्हत्या. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. हा दावा मुळात इंग्लंडातून आला आहे, हिंदू धर्मशास्त्रातून नाही, हे त्यांनी नोंदवलं. पण अपिलानंतर मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. आणि गंमत बघा, खुद्द इंग्लंडमध्ये अशा बाईला तुरुंगात टाकण्याची तरतूद १८८४ सालीच रद्द झाली होती. तिथं मोडीत काढलेली बेडी इथं वापरात होती. १८८८ मध्ये तडजोड झाली. पुढं रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. रखमाबाईंच्या अंगावरही नवऱ्यानं उठवलेला वळ नव्हता. ‘मला या माणसाबरोबर राहायचं नाही’ एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि तेवढं म्हणणं पुरेसं आहे की नाही, यावर सगळा महाराष्ट्र भांडला.

इंग्लंडनं हा नांदवण्याचा दावा १९७० च्या कायद्यानं पुसून टाकला. आपल्याकडे तो हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये आहे. पोटगीचा अर्ज केला की नवऱ्याकडून ‘नांदायला या’ची नोटीस येते, ती याच कलमाची. मुलांचा ताबा पाहा. १९५६ च्या कायद्यात नैसर्गिक पालक आधी बाप, त्याच्यानंतर आई. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे. १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ‘नंतर’ या शब्दाचा अर्थ थोडा सैल केला, तरी कायद्यातलं वाक्य तसंच आहे. आणि बलात्काराची व्याख्या? २०२४ च्या जुलैपासून नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ६३ मध्येही बायको अठरा वर्षांवरची असेल, तर नवऱ्याला अपवाद आहे. जी गोष्ट इंग्लंडनं १९९१ मध्ये टाकली, ती आपण नव्या कायद्यात नव्यानं लिहून घेतली. कालच्या मालिकेतला कॅमेरा ज्या खोलीत शिरला, त्या खोलीत आपला फौजदारी कायदा शिरायला तयार नाही.

तुमच्याकडून काल दोन प्रश्न जोरात आले. पहिला असा: एवढं सगळं करून, नवरा आजारी पडल्यावर ती त्याची सेवा करायला परत का गेली? शेवटी पतिव्रताच ठरली ना? मलाही हा भाग टोचतो. ॲन धार्मिक होती, हेलनही आहे, त्या माणसाच्या आत्म्याची तिला खरोखर काळजी आहे. पण पुस्तकात एक तपशील आहे, तो विसरू नका. मुलाला बापासमोर आणण्याआधी ती एक कागद पुढं करते. मुलावर तिचा पूर्ण ताबा राहील, ती त्याला हवं तेव्हा, हवं तिकडं घेऊन जाईल, असं तो लिहून देतो. साक्षीला जुनी मोलकरीण रेचल. त्या कागदाला कोर्टात किती किंमत होती, हा वेगळा प्रश्न. पण मरायला टेकलेल्या माणसापुढंही ती हळवी होऊन हक्क सोडत नाही. सेवा करायची की नाही हे तिनं ठरवलं, आणि अटीही तिनंच घातल्या. आपल्याकडे तडजोड होते तेव्हा बाई परत जाते, आणि कागद मात्र होत नाही. झाला तर त्यात ‘दोघांनी गुण्यागोविंदानं राहावं’ असं लिहिलेलं असतं. किल्ल्या, पगार, मुलांची शाळा, दारू, माहेरी जाणं-येणं, यातलं एकही कलम त्यात नसतं.

दुसरा प्रश्न होता: तिला भाऊ होता, भावाचा रिकामा वाडा होता, चित्रकला येत होती. आपल्या बाईकडे काय आहे? हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि याचं उत्तर पुस्तकात नाही. हेलन सुखवस्तू घरातली आहे. तरीही तिच्या सुटकेसाठी काय काय लागलं ते मोजून पाहा. डोक्यावर छप्पर लागलं. विकता येईल असं कसब लागलं. गुपित राखणारी एक बाई लागली. नोकर ठेवणं आता परवडणार नाही असं सांगितल्यावरही रेचल तिच्याबरोबर निघते. मालिकेत रेचल कायम कोपऱ्यात उभी दिसते, पण ती नसती तर हेलन त्या घराचा उंबरा ओलांडू शकली नसती. आपल्याकडच्या बाईला भावाचा वाडा नाही, म्हणून तर निवारागृह हवं, रोजगार हवा, संघटना हवी. आपल्या कामाची यादीच या गोष्टीत आहे.

आणखी एका प्रसंगाकडे लक्ष वेधते. हेलन घर सोडते ते मुख्यतः मुलासाठी. त्याला मारतात म्हणून नाही, तर तो बापासारखा होऊ लागला म्हणून. नव्या गावात आल्यावर गिल्बर्टची आई तिला म्हणते, पोराला इतकं जपलंस तर तो बायकी होईल. तेव्हा हेलन विचारते की मुलींना सगळ्या वाईटापासून झाकून ठेवायचं आणि मुलांना मात्र अनुभव येऊ दे म्हणून मोकळं सोडायचं, हा कुठला न्याय? आपण मुलींच्या शिबिरांवर पुष्कळ मेहनत घेतो. मुलग्यांशी बोलण्याचं काम आपण किती केलं, याचा हिशोब मांडायला हा प्रसंग पुरेसा आहे. आणि ज्या गिल्बर्टशी तिचं पुढं लग्न होतं, तोही पुस्तकात संशयापोटी तिच्या भावाला चाबकाच्या दांड्यानं डोक्यात मारतो. ॲननं त्यालाही धुतल्या तांदळासारखा केलेला नाही. चांगल्या घरातल्या, चांगल्या मुलाच्या हातातही चाबूक असतो, हे तिला माहीत होतं.

आता आपल्या कामाचं. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा आपल्याकडे २००५ मध्ये झाला आणि ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. चळवळीनं भांडून मिळवलेला हा कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक अशा सगळ्या छळाला तो हिंसा म्हणतो. स्त्रीधन काढून घेणं, खर्चाला पैसे न देणं, घरातल्या वस्तू वापरू न देणं हे सगळं त्यात येतं. म्हणजे हेलनच्या त्या रात्रीला आपल्या कायद्यात नाव आहे. घरगुती घटना अहवालाच्या नमुन्यात प्रत्येक प्रकारासाठी वेगळा रकाना आहे. पण मी पाहिलेल्या बऱ्याच अहवालांत मारहाणीचा रकाना भरलेला असतो आणि बाकीच्या ठिकाणी एक आडवी रेघ असते. ती आडवी रेघ म्हणजे बाईवर तसं काही झालं नाही, असं नाही. तिला कुणी विचारलं नाही, असा त्याचा अर्थ आहे.

म्हणून माझी विनंती अशी आहे. ‘मारतो का?’ हा प्रश्न विचाराच, पण तो शेवटी विचारा. आधी विचारा, कपाटाच्या किल्ल्या कुणाकडे असतात? पगार कुणाच्या खात्यात जातो, आणि त्याचं कार्ड कुणाकडे असतं? मोबाइल कोण तपासतं? आईशी बोलताना शेजारी कोण बसतं? शिकलेलं काम का बंद पडलं? मुलांसमोर तुम्हाला काय म्हणून हाक मारतात? रात्री नको म्हणता येतं का, आणि म्हटलं तर पुढं काय होतं? हे विचारायला वेळ लागतो. बाई लगेच बोलत नाही, कारण तिलाही हा छळ वाटत नसतो, संसार वाटत असतो. पहिल्या बैठकीत रकाना भरला नाही, तर दुसऱ्या बैठकीत भरा, पण आडवी रेघ मारू नका. आणि तिला लिहायला सांगा. हेलननं रोजनिशी लिहिली, तारखांसकट लिहिली. घरात वही सुरक्षित राहणार नसेल, तर ती आपल्या केंद्रात ठेवा. हेलनची वही नवऱ्याच्या हाती पडली, तेव्हा काय झालं ते आपण पाहिलंच आहे.

मालिका गावोगावच्या गटांना दाखवायची असेल तर जरूर दाखवा. दाखवताना एक करा. नवरा किल्ल्या मागतो आणि तिचे रंग पेटवतो, तिथं मालिका थांबवा आणि बायकांना विचारा: आत्ता, इथवर जे झालं, तेवढ्यावर ही बाई गेली तर चालेल का? उत्तरं वहीत लिहून घ्या. पुढच्या बैठकीला ती वही सोबत आणा, आपण सगळ्या मिळून वाचू.